पर्यटनाची सरकारी जाहिरात: चालते कधी, आपटते कधी?

लेणीवाला

राम राम मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही.

मी अजिंठा-वेरूळला गाईड आहे, जर्मन बोलणाऱ्या पर्यटकांचा. संभाजीनगरहून अजिंठ्याला जाताना गाडीत दोन-अडीच तास हाताशी असतात. त्यात मी प्रत्येक पाहुण्याला विचारतो, इथं यावंसं का वाटलं? उत्तरं ठरलेली असतात. योग, शेजारी येऊन गेले होते, मुलगा बंगळुरात नोकरीला आहे. या हंगामात सत्तरीच्या एका बाईंनी मात्र वेगळंच सांगितलं. २००७ साली बर्लिनच्या आयटीबी पर्यटन मेळ्यात भारत भागीदार देश होता आणि शहरभर 'इनक्रेडिबल इंडिया' लागलं होतं. बाई तेव्हा बर्लिनमध्ये नोकरीला. ऑफिसच्या वाटेवर रोज ते पोस्टर दिसायचं. तेव्हा रजा नव्हती, मग नवऱ्याचं आजारपण, मग करोना. निवृत्त झाल्यावर एकट्याच आल्या. दुकानाची पाटी तेव्हा वाचली आणि गिऱ्हाईक पायरी चढलं ते आत्ता!

मी असा खूश झालेला, तेवढ्यात फर्दापूरचा टी-पॉइंट आला. तिथं आपली गाडी सोडून पुढचे चार किलोमीटर बसने जावं लागतं. बाईंनी खाली पाय टेकला आणि पाच-सहा दगडवाले गोळा झाले. हे लोक स्फटिक, गारगोट्या विकतात. एकाने दोन बोटांएवढा जांभळा खडा बाईंच्या तळहातावर ठेवला, "नो मनी मॅडम, गिफ्ट". दुसऱ्याने स्वतःचं नाव लिहिलेलं कार्ड दिलं, येताना माझ्याच दुकानात यायचं म्हणून. तिसरा बसच्या दारापर्यंत चालत आला. बाई चिडल्या नाहीत. खिडकीशी बसल्यावर एवढंच म्हणाल्या, "त्या पोस्टरवर एकही माणूस नव्हता."

तेव्हापासून डोक्यात हेच. माझं मत आधीच सांगून टाकतो, मग तुम्ही ठोका. परक्या देशात जाणाऱ्याच्या मनात एक ओढ असते आणि एक धास्ती. बहुतेक देश जाहिरातीत ओढीबद्दलच बोलतात: समुद्र, डोंगर, नाचणाऱ्या बायका. धास्तीचं नावही घेत नाहीत. ज्यांनी घेतलं ते जिंकले. कोलंबियाचं बघा. अपहरण आणि ड्रग्ज यांशिवाय ज्या देशाची बातमी यायची नाही, त्याने २००८च्या सुमारास घोषवाक्य काढलं: धोका एकच, तुम्हाला इथंच राहावंसं वाटेल. पाहुण्याच्या मनातला शब्द त्यांनी स्वतःच उच्चारून टाकला. याला छाती लागते.

तुमच्या माहितीतले किस्से टाका. नुसतं 'आपल्याकडे काहीच होऊ शकत नाही' असलं लिहू नका, ते मला रोज बसमध्ये ऐकू येतं.

चकली

वाचतेय. आमची सून जर्मन आहे, डिसेंबरात पहिल्यांदा येतेय. काका, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

शंकासुर

किस्सा झकास, पण एका आजीवरून धोरण ठरत नाही. आकडे बघू. 'इनक्रेडिबल इंडिया' आलं २००२ साली. त्या वर्षी भारतात साधारण २४ लाख परदेशी पर्यटक आले. २००८ साली ५३ लाखांच्या घरात. २०१९ साली १ कोटी ९ लाख. जाहिरातवाले हा आलेख दाखवून कॉलर ताठ करतात.

आता २००२चा भारत आठवा. आदल्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे मनोरे पडले, डिसेंबरात संसदेवर हल्ला, मग सीमेवर दोन्ही सैन्यं समोरासमोर. मे-जूनमध्ये अमेरिका-ब्रिटनने आपल्या नागरिकांना भारत सोडायला सांगितलं. खड्ड्यातून वर येणारा आलेख चढाच दिसणार. त्यातच विमानं वाढली, आयटीचे लोक ये-जा करू लागले. आणि 'परदेशी पर्यटक' म्हणजे परदेशी पासपोर्टवाला कुणीही. न्यू जर्सीहून लग्नाला आलेला आपला मामेभाऊ त्यात मोजला जातो. ढाक्याहून कोलकात्याला ऑपरेशनसाठी आलेला पेशंटही. गेली काही वर्षं बांगलादेश या यादीत अमेरिकेच्या जोडीने पहिल्या-दुसऱ्या नंबरावर असायचा. ते लोक काही लंडनच्या टॅक्सीवरच्या जाहिरातीतला मोर बघून येत नव्हते.

थायलंडला २०१९ साली चार कोटींच्या जवळ पर्यटक गेले. त्यांची जाहिरात आपल्या चौपट चांगली आहे का? नाही. तिथं उतरायला सोपं, फिरायला सोपं, रात्री बाराला गरम काहीतरी खायला मिळतं. आपल्याला नोव्हेंबर २०२३पासून व्हिसा माफ केला, तर आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांच्या डीपीवर फुकेत आलं. जाहिरात एकानेही पाहिलेली नव्हती.

सिडनीकर

लेणीवाले काका, कोलंबियाचं उदाहरण आवडलं. आता आमच्याकडचं उलटं ऐका.

२००६ची गोष्ट. ऑस्ट्रेलियाने १८ कोटी डॉलरची मोहीम काढली. जाहिरातीत एकेक जण सांगतो: तुमच्यासाठी बिअर ओतून ठेवलीय, उंटांना आंघोळ घातलीय, तलावातल्या शार्क हाकलल्यात. आणि शेवटी बिकिनीतली मुलगी विचारते, 'सो व्हेअर द ब्लडी हेल आर यू?' इथल्या माणसाला हे अगदी घरगुती वाटतं. मित्र उशिरा आला की असंच म्हणतात. पण ब्रिटनमध्ये 'ब्लडी'वरून टीव्हीवर बंदी आली, नंतर उठली. कॅनडाने बिअरवरून खुसपट काढलं. जपान्यांना तर आमंत्रणात कुणी खेकसतं कसं, हेच कळेना.

बंदीमुळे फुकट प्रसिद्धी भरपूर झाली. इंटरनेटवर लोकांनी ती जाहिरात शोधून शोधून पाहिली. गंमत म्हणून पाहिली, तिकीट काढायला नाही. दोन वर्षांत मोहीम गुंडाळली. ती निघाली तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या पर्यटन मंडळाचे प्रमुख होते स्कॉट मॉरिसन. त्यांना २००६ सालीच पदावरून जावं लागलं, आणि २०१८ साली तेच देशाचे पंतप्रधान झाले! विरोधक त्यांना 'मार्केटिंगवाला स्कॉटी' म्हणायचे.

गंमत म्हणजे १९८४ साली याच देशाने पॉल होगनला घेऊन जाहिरात केली होती: या, तुमच्यासाठी बार्बेक्यूवर आणखी एक 'श्रिम्प' (कोळंबी) टाकतो. ऑस्ट्रेलियात कुणी श्रिम्प म्हणत नाही, प्रॉन म्हणतात. पण ऐकणारा अमेरिकन होता, म्हणून त्याचा शब्द वापरला. ती जाहिरात आजही लोकांच्या तोंडात आहे. होगनच्या जाहिरातीत यजमान पाहुण्याच्या भाषेत बोलला, 'ब्लडी हेल'वालीत आपल्याच विनोदावर हसला. माझ्या मते सगळी मेख इथे आहे.

मालवणी मसालो

आमच्याकडे मोहीम काढली तर घोषवाक्य तयार आसा: 'मेल्यांनू, आसात खंय?' कोकणात ह्येका आमंत्रणच म्हणतत.

सिडनीकर

मसालो, हसून पडले. पण हेच पोस्टर नागपूरच्या स्टेशनवर लावलंत तर?

ठळकअक्षरे

मी मुंबईत जाहिरात एजन्सीत कॉपी लिहिण्यात आयुष्य घालवलं. आता निवृत्त. दोन शब्द आतून.

'इनक्रेडिबल इंडिया'च्या आधी परदेशातलं आपलं प्रत्येक पर्यटन कार्यालय आपापल्या बुद्धीने जाहिरात करायचं. कुणी अध्यात्म विकायचं, कुणी हत्ती. अमिताभ कांत तेव्हा केंद्राच्या पर्यटन मंत्रालयात सहसचिव होते. त्यांनी आणि ओगिल्व्ही या जाहिरात एजन्सीच्या व्ही. सुनील यांनी सगळीकडे एकच नाव, एकच चिन्ह लावलं. 'इंडिया'च्या आयच्या जागी उद्गारचिन्ह. साधी युक्ती, पण ती पंचवीस वर्षं टिकायला आली.

मला त्यातली वाघाची जाहिरात सर्वांत आवडते. वाघाचा फोटो आणि वर ओळ: सगळेच भारतीय नम्र, आतिथ्यशील आणि शाकाहारी नसतात. ही ओळ सरकारी फायलीतून मंजूर होऊन बाहेर आली यावर माझा अजून विश्वास बसत नाही. कारण पुढचं ऐका.

एका राज्याच्या (नाव विचारू नका) पर्यटन फिल्मसाठी आम्ही सादरीकरण केलं. आमची कल्पना: एकच नदी, उगमापासून समुद्रापर्यंत, साठ सेकंद. पहिल्या बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या बैठकीत एक साहेब म्हणाले, नदी माझ्या जिल्ह्यातून जात नाही. बरं, त्यांचा किल्ला घेतला. मग दुसऱ्यांचं देवस्थान, तिसऱ्यांचं धरण, कुणाचा तरी हुरडा महोत्सव. पाचव्या बैठकीपर्यंत साठ सेकंदांत एकेचाळीस शॉट झाले होते. दिग्दर्शक मला जिन्यात म्हणाला, "आता यात डोळे मिटून उघडले तरी तीन तालुके जातात." शेवटी ती फिल्म लागली कुठे, तर त्याच राज्यातल्या न्यूज चॅनेलांवर, रात्री नऊच्या बातम्यांना. बाहेरून येणाऱ्याने ती पाहायची कशी? पण ती त्याच्यासाठी नव्हतीच. ज्यांनी पाहायला हवी होती त्यांनी घरी सोफ्यावर बसून पाहिली, आणि बिल पास झालं.

जाहिरात कशी आहे हे बघायच्या आधी ती लागलीय कुठे ते बघा. दिल्ली विमानतळावर 'भारतात या' असं होर्डिंग दिसलं की मला गहिवरून येतं.

बिनपगारी परीक्षक

ठळकअक्षरे, +१. एकेचाळीस शॉटवाल्या फिल्मचा मोठा भाऊ २०२३ साली इटलीत झाला, 'ओपन टू मेराविल्या'. खर्च ९० लाख युरो. बोत्तिचेल्लीच्या चित्रातली व्हीनस जीन्स-मिनीस्कर्ट घालून इन्फ्लुएन्सर झालेली, तळ्याकाठी पिझ्झा खाते, कॉलोसियमसमोर सायकल धरून उभी. लोक आधी कलेच्या विटंबनेवरून चिडले. मग लक्षात आलं की फिल्ममधला वाइन पिणाऱ्या मित्रमंडळींचा शॉट इटलीचा नाहीच, शेजारच्या स्लोव्हेनियातला विकतचा तुकडा आहे. मग कळलं की मोहिमेच्या नावाचं डोमेन घ्यायलाच विसरले, ते दुसऱ्याच कुणीतरी घेऊन टाकलं.

आणि लेणीवाले, हे खास तुमच्यासाठी. वेबसाइटच्या जर्मन आवृत्तीत गावांच्या नावांचंही भाषांतर झालं होतं. ब्रिंडिसी शहराचं झालं 'टोस्ट', म्हणजे चिअर्सवालं. कामेरिनो गावाचं 'गार्डेरोबे', म्हणजे कपडे ठेवायची खोली.

लेणीवाला

अरे देवा! उद्या बल्लाळेश्वराच्या पालीचं कुणी 'लिझर्ड्स' केलं तर अष्टविनायक यात्रेत कोण येणार?

बिनपगारी परीक्षक

त्याच वर्षी, दोनच महिन्यांनी फिलिपिन्स. त्यांचं जुनं 'इट्स मोअर फन इन द फिलिपिन्स' २०१२पासून मस्त चाललं होतं, कारण लोक स्वतःच त्यावर फोटो आणि विनोद करून पसरवायचे. १९५१ सालच्या एका स्विस पोस्टरवर हेच वाक्य होतं म्हणून ओरड झाली, पण टिकलं. ते बदलून 'लव्ह द फिलिपिन्स' आणलं. उद्घाटनाच्या व्हिडिओत भातशेतीच्या पायऱ्या बालीच्या निघाल्या, वाळूच्या टेकड्या ब्राझीलच्या आणि दुबईच्या. फिलिपिन्सच्या इफुगाव प्रांतात भाताच्या पायऱ्या जगप्रसिद्ध आहेत, युनेस्कोच्या यादीतल्या! घरात पैठणी असताना शेजारणीची साडी नेसून फोटो काढल्यासारखं झालं. एजन्सीने माफी मागितली, कंत्राट गेलं.

माझं निदान असं: घाई आणि आयता फुटेज. जो कॅमेरा घेऊन तिथं गेलाच नाही त्याला दोन हिरव्या पायऱ्यांतला फरक दिसत नाही.

मडगावची मावशी

मी होमस्टे चालवते, तीन खोल्या. तुमच्या मोठ्या गोष्टी वाचल्या, माझं छोटं सांगते.

गोव्याची जाहिरात वर्षानुवर्षं किनारा आणि बाटली. जे विकलं तेच गिऱ्हाईक आलं. आता सरकार म्हणतं किनाऱ्यापलीकडचा गोवा बघा. चांगलं आहे. मी पाहुण्यांना सांगते, चांदर-लोटलीची जुनी घरं बघा, दिवाडीच्या फेरीत बसा. मग ते विचारतात, जायचं कसं? टॅक्सीचा भाव ऐकला की परत किनाऱ्यावर जाऊन बसतात. मागच्या मोसमात एक फ्रेंच पोरगा म्हणाला, विमानाचं तिकीट आणि टॅक्सी यांचा हिशेब एका वहीत मांडायची लाज वाटते. आता जाहिरात कितीही पलीकडची काढा, पलीकडे न्यायला बस नको का?

शंकासुर

मावशींनी माझंच म्हणणं चार ओळींत सांगितलं. २०१४च्या नोव्हेंबरात ई-व्हिसा सुरू झाला, त्याने जे केलं ते कुठल्या फिल्मने केलं नसेल.

लेणीवाला

शंकासुर, व्हिसाबद्दल शंभर टक्के कबूल, माझ्या पोटावर पाय आला होता म्हणून. २००९च्या शेवटी सरकारने नियम काढला, पर्यटक व्हिसावर एकदा देशाबाहेर गेलात की दोन महिने परत यायचं नाही. कारण सुरक्षेचं होतं. पण आमचे जर्मन लोक भारत-नेपाळ-भारत अशी सहल करायचे. काठमांडूहून परतताना अडकायची भीती. सहलीच्या सहली रद्द झाल्या. २०१२ला नियम उठला. त्या तीन वर्षांत आमिर खान टीव्हीवर 'अतिथी देवो भव' सांगत होता, परदेशी बाईला त्रास देणाऱ्या टपोरींना समजावत होता. जाहिरात चांगली होती बरं का! निदान धास्तीचं नाव तरी घेत होती. पण देव दारात आणि वकिलातीत रांग.

आमच्या घरचंही सांगतो. फर्दापूरला जपानी कर्जातून मोठं अभ्यागत केंद्र उभं राहिलं. १, २, १६ आणि १७ नंबरच्या लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती, म्हणजे मूळ चित्रांवरचा श्वासांचा भार कमी व्हावा. कल्पना अशी की डोळ्यांत पाणी यावं. पुढे वीज-पाण्याची बिलं थकली आणि दाराला कुलूप लागलं. मी तेव्हा पाहुण्यांना बसच्या खिडकीतून दाखवायचो, ते बघा, तिथं एक अजिंठा आहे. आणि मधली काही वर्षं सिल्लोडचा रस्ता असा खणून ठेवला होता की म्हाताऱ्या पाहुण्यांना मी कमरेचा पट्टा घेऊन यायला सांगायचो.

पण म्हणून जाहिरात निरुपयोगी म्हणाल तर आइसलँडचं काय कराल? एप्रिल २०१०मध्ये ज्वालामुखी फुटला, राखेने अर्ध्या युरोपची विमानं बंद पाडली. जगाला वाटलं सगळा देशच राखेखाली गेला. त्यांनी काय केलं, तर लोकांनाच सांगितलं, एक तास काढा आणि परदेशातल्या ओळखीच्यांना कळवा की आम्ही ठीक आहोत, या. साडेतीन लाखही वस्ती नसलेला देश, पण मंत्र्यापासून शिक्षकापर्यंत सगळे लिहीत बसले. तेव्हा पाच लाखांच्या आत पर्यटक होते, २०१८ला तेवीस लाख. रस्ते, हॉटेलं, व्हिसा तर आधीही होतेच.

शंकासुर

आइसलँडचा चलनदर विसरलात. २००८ला त्यांच्या बँका बुडाल्या, क्रोना कोसळला, देश निम्म्या भावात फिरता येऊ लागला. शिवाय अमेरिका-युरोप विमानांना तिथं थांबा मिळतो. पण लोकांनी पत्रं लिहिली हा भाग मान्य, अर्धा गुण देतो. आणि पुढचं पण सांगा की! जस्टिन बीबरने एका घळीत व्हिडिओ केला, मग तिथं एवढी गर्दी झाली की २०१९ला शेवाळ वाचवायला ती घळच बंद करावी लागली. जाहिरात फार चालली की काय होतं तेही याच धाग्यात येऊ द्या.

ठळकअक्षरे

शंकासुर अर्धा गुण देतोय म्हणजे दिवाळीच. स्वीडननेही असंच केलं होतं, २०१६ला. एक फोन नंबर जाहीर केला. जगातून कुणीही लावा, स्वीडनमधला कुणीतरी अनोळखी माणूस उचलणार. काय बोलायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. हिवाळ्याबद्दल विचारलं तर तो रडगाणंही गाईल. सरकारी यंत्रणेला हे सुचत नाही, ते तिथल्या पर्यटक संघटनेचं काम होतं. आपल्याकडे कल्पना करा, बर्लिनहून फोन आणि इकडे सदाशिव पेठेत उचलला.

मालवणी मसालो

दुपारी एक ते चार लागूचो नाय.

सिडनीकर

😂 लेणीवाले काका, त्या बर्लिनच्या आजींना शेवटी अजिंठा कसा वाटला, ते राहिलंच.

लेणीवाला

पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या होत्या. आत अंधार असतो, डोळे सरावायला वेळ लागतो, म्हणून मी बोलतच नाही. बाहेर आल्यावर म्हणाल्या, पोस्टरवर हे का नव्हतं? मी म्हटलं, हे पोस्टरवर छापलं तर अंधारच दिसेल.

परतताना त्या कार्डवाल्या पोराच्या दुकानात स्वतःहून गेल्या. जांभळा दगड घेतला, घासाघीस करून. पोराने हिशेब जर्मनमध्ये केला, माझ्यापेक्षा बरे उच्चार होते.

शंकासुर

२०२५-२६च्या अर्थसंकल्पात परदेशातल्या प्रसिद्धीला तीन कोटींच्या आसपास ठेवले होते. त्या पोरालाच नेमा, परवडेल.

चकली

काका, व्यनिला उत्तर नाही आलं म्हणून इथेच विचारते. मुलाने सगळं बुक केलंय. सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ, बुधवारी पहाटेचं विमान. सून चित्रकार आहे, तिला अजिंठ्याला पूर्ण दिवस हवाय. चालेल ना?

लेणीवाला

ताई, सोमवारी अजिंठा बंद असतं. मंगळवारी वेरूळ बंद असतं.

चकली

अगं बाई! कुठे लिहिलेलं असतं हे?

लेणीवाला

गेटवर.

घाबरू नका, फक्त उलटं करा. सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. हॉटेल तेच राहू दे. मंगळवारी सकाळी सातला निघू, सूनबाईंना सांगा फोटो काढताना फ्लॅश वापरू नका, आत चालत नाही. आणि बससाठी सुटे पैसे ठेवा.